बंद झालेलेही दाखवा

वंदे,

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डेअरी बंद राहील असं मला वाटलं होतं. निदान अर्धा दिवस तरी. पण गाई-म्हशींना कोण सांगणार? टँकर वेळेवर आले, कॅन रिकामे झाले, आणि चहाच्या आधी साहेबांनी नेहमीसारखा प्रश्न टाकला, की करडी गावाकडचं संध्याकाळचं दूध औंदा कमी का दिसतं. पूर्वी असा प्रश्न आला की सगळ्यांच्या माना तुझ्या खोलीच्या दाराकडे वळायच्या. त्या दिवशी देवरावांनी खुर्ची पुढे ओढली, माउस धरला, यादीतून दोन-चार शब्द निवडले आणि उत्तर पडद्यावर आणून ठेवलं. आपले देवराव, रूट सुपरवायझर, ज्यांना मोबाइलमध्ये नंबर साठवायलासुद्धा मुलगी लागते! साहेब "हं" म्हणाले आणि काम पुढे गेलं.

मला तुझा इतका राग आला, की मी उठून शीतगृहाच्या मागे जाऊन उभी राहिले.

माझ्याशिवाय चाललं पाहिजे, हा तुझाच हट्ट. "ताई, मी उद्या नसली तं साहेबाइनं कोनाले इचाराव?" असं तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, "कुठं चालली वं तू? पुण्याचा नवरा पाहिला का?" तू हसायचीस. तुला म्हणायचं असायचं सुट्टी, आजारपण, फार तर दुसरी नोकरी. मलाही तेवढंच कळायचं. आता मला वाटतं, एखादी तरी गाठ तू सैल ठेवायला हवी होतीस. एखादं तरी काम असं अडायला हवं होतं की सगळ्यांनी हात टेकून म्हणावं, वंदना असती तर. पण तू काहीच अडू दिलं नाहीस.

परवा तुमच्या गावात, विहारासमोरच्या मांडवात, तुझ्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे आलो होतो. त्रिशरण-पंचशील झालं. मग कोणीतरी माइकवर म्हणालं, डेअरीतल्या कल्पनाताई दोन शब्द बोलतील. मी उभी राहिले, माइक धरला आणि तशीच खाली बसले. संकलन विभागात पुरुषांच्या वरताण आवाज चढवणारी बाई म्हणून माझी ख्याती. देवराव नंतर म्हणाले, "ताई, तुमाले बोलता नाही आलं, हे मी पयल्यांदा पाह्यलं." तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते हे.

तू आलीस तो पहिला आठवडा आठवतो का? साहेबांनी विचारलं होतं, भंडारा जिल्ह्यातून आपल्याकडे किती दूध येतं? तू कॉम्प्युटरवर काहीबाही लिहिलंस आणि आकडा आणून दिलास. मी हसले. चांगली मोठ्यानं हसले, सगळ्यांसमोर. म्हटलं, "एवढं दूध? वैनगंगेत एवढं पानी नाही उन्हाळ्यात." तू लाल झालीस. नवीन पोरगी, आवाज चढवावा की नाही ते ठरत नव्हतं तुझं. शेवटी चढवलासच. "टेबलात हाय तेच काढलं मी. आकडा चुकीचा कसा होईन?"

मग तू गावांची यादी काढून माझ्या टेबलावर आपटलीस, आणि आपण दोघींनी ती बोटानं वाचली. तिरोडा, आमगाव, सालेकसा. मी म्हटलं, "अवं, हे तं गोंदियात गेले. जिल्हा फुटला त्याले किती वर्षं झाले! तवा जन्मलेले पोट्टे आता मोटारसायकली चालवून राहिले." तू यादीकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "कॉम्प्युटरले कोनी सांगितलंच नाही, ताई." खरंच होतं. आपला तो प्रोग्राम जिल्हा फुटायच्या आधीचा, आणि त्याच्या लेखी सगळं अजून एकत्र नांदत होतं. आपण दोघी हसलो. माझं तुझ्याशी तिथून जमलं.

त्या दिवशी तू मला डेटाबेस आतून दाखवलास. मी पाहिलं आणि माझं डोकं गरगरलं. टेबलामागून टेबल, आणि प्रत्येक कॉलमला दोन-तीन अक्षरांचं मुकं नाव. गाव एका टेबलात, दूध दुसऱ्यात, फॅट तिसऱ्यात, दूध घालणारी माणसं आणखी कुठेतरी. ते सगळं एकमेकांना जोडून कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रश्न, म्हणजे एक क्वेरी, लिहायची, तेव्हा कुठे एका साध्या प्रश्नाचं उत्तर. मी म्हटलं, हे आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरासारखं आहे. डबे सगळे सारखे, चिठ्ठी एकावरही नाही, कशात काय ते फक्त त्यांना ठाऊक. त्या माहेरी गेल्या की आम्ही आठ दिवस अळणी खायचो. तू म्हणालीस, "मंग आपन चिठ्ठ्या लावू."

ते तुझं मॉडेल. मला त्याचं शास्त्र आजही येत नाही. मला एवढंच कळलं, की खालचे डबे तू जागचे हलवले नाहीस. त्यांच्यावर एक मधला थर बांधलास, जिथे प्रत्येक गोष्टीला आपण बोलताना वापरतो तेच नाव होतं, आणि कशाचं कशाशी नातं ते तू एकदाच बांधून ठेवलं होतंस. मग कोणीही यावं, गाव निवडावं, सकाळ निवडावी, फॅट निवडावं, की उत्तर समोर. चालू आर्थिक वर्ष असं लिहायच्या ठिकाणी तू "औंदा" लिहिलंस. हिशेब विभागाचे बोरकर नाक मुरडत म्हणाले, हे काय गावठी. तू म्हणालीस, "सर, देवराव भाऊ चालू आर्थिक वर्ष शोधत बसन तं दूध नासून जाईन." बोरकर स्वतः पवनीचे, घरी औंदाच म्हणणारे. हसले आणि गेले.

पण नावं ठेवायला तू काय कमी त्रास दिलास? खुर्ची उचलून प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन बसायचीस. "तुमी याले काय म्हनता?" हा एकच प्रश्न. लोक वैतागायचे. त्यातून ते संध्याकाळच्या दुधाचं रामायण निघालं. गावात संध्याकाळी काढलेलं दूध रात्रभर थंड ठेवून दुसऱ्या सकाळच्या गाडीनं येतं. मग ते कोणत्या दिवसाचं? मी म्हणाले, गाईनं दिलं त्या दिवसाचं. देवराव म्हणाले, गाडीनं उचललं त्या दिवसाचं. बोरकर म्हणाले, गेटातून आत आलं त्या दिवसाचं. आमची तिघांची चांगली जुंपली. इतकी वर्षं आम्ही तिघं साहेबांना तीन वेगळे आकडे देत होतो, आणि प्रत्येकाला वाटायचं बाकीचे दोघं ढ आहेत. तू गालावर पेन टेकवून ऐकत होतीस. सगळे दमल्यावर म्हणालीस, "तिघंही बरोबर हायेत. फक्त एकाच नावानं भांडून राहिले." आणि तू तीन नावं ठेवलीस: काढलेलं दूध, उचललेलं दूध, पोचलेलं दूध. त्यानंतर साहेबांच्या मीटिंगमध्ये आमचं भांडण झालेलं मला आठवत नाही. थोडी करमणूक गेली म्हण.

आणि करमणूकच काय, माझं बरंच काही गेलं त्या मॉडेलपायी. हे तुला कधी बोलले नाही. आधी मी रोज सकाळी प्रश्न घेऊन तुझ्या खोलीत यायचे. तू क्वेरी लिहायचीस, मी समोर बसून डबा उघडायचे, तू न बघता माझ्या डब्यातली लाखोळीच्या पाल्याची भाजी बोटानं उचलायचीस. उत्तर यायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात आपण सगळं जग बोलून घ्यायचो. माझ्या सुनेचं, तुझ्या मायच्या गुडघ्याचं, तुला पाहायला आलेल्या त्या लाखनीच्या मास्तराचं, जो पूर्णवेळ तुझ्या पगाराबद्दलच बोलला. मॉडेल झालं आणि मला तुझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही.

मग मी कारणं काढायला लागले. मला येत नाही, जमत नाही, हे बघ काय झालं. तू दोन-तीनदा निमूट दाखवलंस. मग एकदा डोळे बारीक करून म्हणालीस, "ताई, कालच तं तुमी देवराव भाऊले हेच शिकवून राहिल्या होत्या. मी खिडकीतून पाह्यलं."

"मंग? इसरली मी."

"डबा आनला का?"

"आनला."

"मंग तसं सांगा ना वो. प्रश्न कायले पायजे?"

त्या दिवसापासून मी प्रश्नाविना यायला लागले. पण प्रश्न घेऊन येण्यात जी ऐट होती ती वेगळीच, वंदे.

आणि आपलं भांडण. ते सांगितल्याशिवाय कसं होईल?

एका वर्षी साहेब खुशीत होते. पडद्यावर औंदाचं दूध आणि मागच्या सालाचं दूध शेजारी उभं केलं होतं, आणि औंदा जास्त होतं. पेढे मागवायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, थांबा. मागच्या वर्षी माझे कॅन कमी पडले होते, शेजारच्या डेअरीकडून उसने आणले होते मी. मागचं साल कमी असूच शकत नाही. सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. तू खोलीत गेलीस ती दुपारपर्यंत बाहेर आली नाहीस. मी डबा घेऊन आत आले तर तू खुर्चीत मागे रेलून बसली होतीस. "ताई, गोसीखुर्द धरनाच्या पान्यात जे जे गाव गेलं, त्याचं दूधकेंद्र आपन बंद केलं. आन् बंद केंद्र कॉम्प्युटर मोजतच नाही. औंदाच्याच नाही, मागच्या सालच्याही दुधात मोजत नाही. दर साली गावं उठत गेली, तसं मागचं दूध कमी होत गेलं."

त्या गावांमध्ये तुझंही गाव होतं, आंबडोह. कॉलेजात असताना तू तिथल्याच केंद्रावर मशीनवर बसायचीस, दूध मोजायचीस, फॅट लावायचीस. डेअरीशी तुझा संबंध तिथून सुरू झाला. म्हणजे तुझ्या हातानं नोंदवलेलं सगळं दूध त्या पडद्यावरून गायब होतं. तू चिडली नाहीस. तू फक्त म्हणालीस, "बंद झालं म्हनजे कधी नवतंच, असं थोडी ना रायते?" आणि त्याच दिवशी तू मॉडेलमध्ये ते नीट केलंस. एकूण दुधात बंद केंद्रं कायमची धरली, आणि जिथे जिथे नावांची यादी उघडते तिथे खाली एक छोटा चौकोन दिलास, खूण करायला: बंद झालेलेही दाखवा.

इथवर आपलं जमलं. पुढे बिनसलं. मी म्हटलं, हे बंद-चालूचं झंझट कशाला? आंबडोह उठलं आणि हायवेच्या बाजूला नवीन आंबडोह बसलं. तीच माणसं, तेच नाव. दोन्ही जोडून एकच गाव कर. तू म्हणालीस नाही. दोन.

"काहून दोन? माय तुही तीच, तू तीच."

"माय तीच, पन गाई कुठं हायेत? तिकडे नदीकाठचा चराईचा पट्टा होता. इथं गाय सोडली तं हायवेवर जाते. लोकाइनं इकून टाकल्या. तुमी दोन्ही जोडसान तं काय दिसन? आंबडोहचं दूध एकदम खाली पडलं. मंग देवराव भाऊ मीटिंगमंदी म्हनन, हे लोक आळशी झाले."

"मी कायले म्हनू?" देवराव दारातून म्हणाले.

"तुमी म्हटलं हाय, भाऊ. मागच्या महिन्यातच."

देवराव निघून गेले. पण माझंही काही चुकत नव्हतं, वंदे. मी म्हणाले, दोन ठेवलीस तर तुझ्या नव्या गावाला मागचं काहीच नाही असं दिसतं. जसं काही काल आभाळातून पडलं. तुझ्या आज्यापणज्यानं तिथं म्हशी राखल्या, त्यांचं गाव ते हेच ना? की हे कोणा भलत्यांचं? त्यावर तू पडद्याकडे वळलीस. पण तू काही बदललं नाहीस. दुधाच्या एका दिवसाला तीन नावं देऊन सगळ्यांना खुश करणारी पोरगी, आणि स्वतःच्या गावापाशी अशी अडून बसली.

ते भांडण आपण वर्षानुवर्षं चालवलं. डबा उघडताना, जिना उतरताना, बोरकरांच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत. तू नुसतं "दोन" म्हणायचीस, मी "एक" म्हणायचे, शेजारच्यांना वाटायचं आम्ही गुलाबजाम मोजून राहिलो.

एका उन्हाळ्यात तू मला स्कूटीवर बसवून धरणाच्या पाण्याकाठी नेलंस. पाणी बरंच मागं गेलं होतं. वाळलेली झाडं पाण्यात उभी होती, त्यांच्यावर पाणकावळे बसलेले. दोन डोंगे मासोळीला निघाले होते. मला वाटलं होतं तू रडशील. मी रुमाल काढून ठेवला होता. तू मात्र जमीन विकायला आलेल्या दलालासारखी हात लांब करून दाखवत होतीस. ते झाड म्हणजे समाजमंदिरासमोरची चिंच. त्याच्या डावीकडे केंद्र. त्याच्या मागं तुमचं घर.

मग तू शेवटच्या सकाळचं सांगितलंस. सामानाचे ट्रक उभे होते, दारं-खिडक्या काढून नेत होते लोक, आणि तू केंद्र उघडून मशीन लावून बसलीस, कारण म्हशींना दोहायचं तर होतंच. बायका एका हातात बरणी आणि कडेवर पोरगं घेऊन आल्या. तुझी माय सगळ्यात शेवटी आली, कारण ती घराला कुलूप लावायच्या खटपटीत होती. दाराची चौकट ट्रकात, आणि माय कुलूप शोधत होती. हे सांगताना तू हसलीस, आणि रुमाल मलाच लागला. तू म्हणालीस, "तवा मायचं दूध मोजलं, फॅट लावलं, आन् मशीन बंद केली. ताई, तेथून पुढं त्या गावाचं दूध नाही. हे तुमी जोडून दाखवलं तं ती सकाळ कोनत्या गावाची?"

 येताना तुझ्या पाठीशी बसून मी ठरवलं होतं की आता "दोन" म्हणून टाकावं. पण वाटेतल्या शहापूरपर्यंत आलो, चहा घेतला, आणि तू इतक्या तोऱ्यात विचारलंस, "मंग, हरल्या ना?" की मी म्हटलं, "एकच. मरेपरेंत एकच."

हे मी म्हटलं होतं. असं काहीबाही आपण बोलतच असतो.

ताप आला म्हणून तू सुट्टी टाकलीस. मी फोन केला तर तुझा आवाज खोल गेलेला. काढा घे म्हटलं, डॉक्टर बदल म्हटलं. तू मध्येच म्हणालीस, "ताई, नवीन सॉफ्टवेअर येऊन राहिलं. मॉडेल त्यात न्यायचं हाय. त्याच्याआधी आपलं ते एक-दोनचं मिटवून टाकू. आल्यावर पाहू." मी म्हटलं, "आधी बरी तं हो, मंग भांड." तू "हो" म्हणालीस. त्या "हो"वर मी फोन ठेवला. आणखी थोडं बोलायला काय झालं होतं मला? बाहेर गाडी आली होती, तिचे कॅन मोजायचे होते. डेंग्यू निघाला हे मला दुसऱ्याकडून कळलं, आणि नागपूरला नेल्याचं कळेपर्यंत तर सगळं आटोपलंच होतं. तुझी ओंजळभर स्तुती करायची राहिली, वंदे. इतक्या वर्षांत एकदाही मी तुला चांगलं केलंस असं धड म्हटलं नाही. माझी सगळी माया टोमण्यांतून गेली. तुला ती कळत होती ना? डबा रिकामा व्हायचा त्यावरून मी समजायचे, कळत असेल.

मांडवातून निघताना तुझ्या मायपाशी टेकले. पांढऱ्या साडीत ती एवढीशी दिसत होती. माझा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "बाई, हापिसातून पोरीचं नाव काढून टाकलं का वो?"

मी म्हटलं, "काहून असं म्हनता माय?"

"गाव उठलं तवा एसटीच्या पाटीवरून गावाचं नाव काढलं होतं ना. लगेच काढलं. म्हनून इचारलं."

मी म्हटलं, बघून सांगते. मला ठाऊकच नव्हतं.

काल ती मीटिंग झाली. नव्या सॉफ्टवेअरची माणसं नागपूरहून आली होती. चांगली, कामाची पोरं. तुझं मॉडेल पाहून त्यातला एक म्हणाला, हे ज्यांनी बनवलं त्यांना भेटता येईल का.  बोरकरांनी पाण्याचा ग्लास सरळ केला. मग त्या पोरानं यादी पुढे घेतली. आंबडोह दोनदा येतंय, एक बंद, एक चालू. चुकून दोनदा आलेलं दिसतं. जुन्यात किती वर्षांपासून दूधच नाही. काढून टाकू, की एकात मिसळवू? बंद झालेली बाकीची गावं, काम सोडून गेलेली माणसं, सगळंच साफ करून घेऊ, नवं सॉफ्टवेअर हलकं राहील.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कल्पनाताई, तुमचं तर पहिल्यापासून एकच म्हणणं होतं ना?"

होतं. आणि अजूनही माझं म्हणणं मोडलेलं नाही, हे नीट ऐकून ठेव. पण तुझी बाजू मांडायला त्या खोलीत तू नव्हतीस. समोर कोणी नसताना जिंकायचं, हे मला शोभलं नसतं. मी म्हटलं, "दोन. चुकून आलं नाही ते. काही काढायचं नाही." पोरगा विचारायला लागला, पण मॅडम, उपयोग काय? मी सांगायला सुरुवात केली, आणि वंदे, माझ्या तोंडातून सगळं तुझंच निघालं. नदीकाठचा चराईचा पट्टा. हायवेवर जाणारी गाय. दूध पडलं ते माणसांमुळे पडलं नाही, गाव गेलं म्हणून पडलं, आणि दोन्ही मिसळवलं तर हे पुन्हा कोणाला कधीच दिसणार नाही. देवराव मान खाली घालून ऐकत होते. मग तेच म्हणाले, "सायेब, ताई बरोबर म्हनून राहिल्या. मलेही तसंच वाटत होतं आधी, का हे लोक आळशी झाले. ठेवा दोन." साहेबांनी मान डोलावली. बंद गावं राहिली. गेलेली माणसंही राहिली.

आज सकाळी मी लवकर आले. तुझ्या खोलीत बसले, डबा टेबलावर ठेवला आणि तुझं मॉडेल उघडलं. तुझ्या मायला उत्तर द्यायचं होतं. नोंद करणाऱ्यांची यादी काढली. बोरकरांच्या विभागानं आपलं काम वेळेवर केलं होतं. तुझ्या नावापुढे "बंद" लागलं होतं, म्हणून तू यादीत नव्हतीस. लता होती, विजया होती, मधे तू नव्हतीस.  मग खालच्या त्या छोट्या चौकोनावर खूण केली.

तू आलीस. लता आणि विजयाच्या मधोमध, आपल्या जागी.

मी तुझं नाव निवडलं. गाव, आंबडोह, जुनं. शेवटची सकाळ. काढलेलं दूध. एकेक बाई वर आली, आपापल्या फॅटसकट, आणि सगळ्यांच्या खाली तुझी माय. प्रत्येक ओळीशी नोंद करणारी म्हणून तू. तुझ्या मायला आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे, की नाव काढलेलं नाही, आणि आम्ही काढू देणार नाही.

मग मी डबा उघडला. लाखोळीची भाजी आणली होती. पडद्याकडे पाहत मी म्हटलं, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, की काही म्हण वंदे, गाव तं एकच होतं.

आणि थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू उलट बोलली नाहीस.